औद्योगिक जाळ्या : धातूंची आणि प्लॅस्टिकची निवड

कारखान्यासाठी जाळी विकत घेणारा मनुष्य वस्तुतः तार विकत घेत नसतो, छिद्रे विकत घेत असतो. पीठ चाळणारा, खडी वेगळी करणारा, लगद्यातील पाणी निथळवून कागद करणारा किंवा समुद्राचे पाणी गाळून यंत्राकडे नेणारा, या सर्वांना ठरावीक आकाराची छिद्रे हवी असतात. आणि तीही पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच काही महिन्यांनंतरही. तार ही त्या छिद्रांची केवळ चौकट होय. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे जाळीसाठी द्रव्य निवडण्याचा प्रश्न तुळई, नळ किंवा टाकी यांच्यासाठी द्रव्य निवडण्याच्या प्रश्नाहून निराळा का आहे, हे समजू लागते. तुळईवर थोडा गंज चढला तरी ती भार पेलत राहते. जाळीची तार मात्र न तुटता नुसती झिजून बारीक झाली तर छिद्र मोठे होते, आणि तिच्यावर गंजाचा थर चढला तर छिद्र लहान होते. दोन्ही बाबतींत जाळी निकामीच.

याचा थोडा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एक किलोग्रॅम पोलादाचा घनाकृती ठोकळा केला तर त्याची बाजू सुमारे ५ सेंमी. भरते आणि त्याच्या सहाही बाजूंचा मिळून पृष्ठभाग सुमारे १५० चौ. सेंमी. होतो. त्याच पोलादाची ०.१ मिमी. व्यासाची तार ओढली तर तिचा पृष्ठभाग ५ चौ. मीटरच्या वर जातो. म्हणजे ठोकळ्याच्या तीनशे पटींहून अधिक. गंज, अम्ल, घर्षण हे सारे शत्रू पृष्ठभागावरूनच आत शिरतात. एखाद्या द्रवात पोलाद वर्षाला ०.१ मिमी. खोलीपर्यंत खाल्ले जाते असे समजू. १० मिमी. जाडीच्या टाकीला त्याची दखलही घ्यावी लागणार नाही. ०.२ मिमी. व्यासाची तार मात्र चहूबाजूंनी खाल्ली जात असल्यामुळे वर्षअखेर शिल्लकच राहणार नाही, आणि छिद्रांचा आकार तर त्याच्या कितीतरी आधी बिघडलेला असेल. रसायनांच्या तक्त्यात एखाद्या धातूपुढे ‘समाधानकारक’ असा शेरा आढळला, तरी तो टाकीसाठी आहे की तारेसाठी, हे विचारल्यावाचून जाळी मागवू नये.

छिद्रांच्या या अचूकपणावर केवळ मालाचा दर्जाच नव्हे, तर माणसांचे प्राणही अवलंबून राहिलेले आहेत. इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत १८१२ मध्ये ज्वालाग्राही वायूचा स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर तीन वर्षांनी, १८१५ मध्ये, सर हंफ्री डेव्ही यांनी आपला सुरक्षादीप तयार केला. त्यात उघड्या ज्योतीभोवती तारेच्या जाळीचे वेष्टन होते. दर इंचास २८ तारा, म्हणजे चौरस इंचात ७८४ छिद्रे, हे त्या जाळीचे पुढे रूढ झालेले प्रमाण होय. दिव्यात शिरलेला वायू आतल्या आत पेटला तरी त्या ज्वालेची उष्णता तारा शोषून घेतात आणि जाळीबाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापत नाही. झरिया व राणीगंज येथील खाणींतही हा दिवा वायूची परीक्षा करण्यासाठी वापरात आला. तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेते. तेव्हा ही जाळी तांब्याचीच असावी, असे कोणालाही वाटेल. तशा जाळ्या झाल्याही. परंतु आत वायू पेटून जाळी लाल झाली तर तांब्याची बारीक तार लोखंडी तारेपेक्षा लवकर मऊ पडते. त्यामुळे सामान्यतः गंजणारे लोखंड येथे उजवे ठरले, आणि त्याच्या गंजाचा बंदोबस्त दिवा पाळीपूर्वी साफ करून व तपासून करावा लागला. एक तार तुटून दोन छिद्रांचे एक झाले तरी तो दिवा खाणीत नेण्याच्या लायकीचा उरत नसे.

‘सर्वांत चांगला धातू कोणता?’ या प्रश्नाला जाळीच्या बाबतीत उत्तर नाही, असे म्हणावे लागते ते यामुळेच. जाळीची गाठ कशाशी पडणार, हे आधी सांगावे लागते.

साधे, कमी कार्बनचे पोलाद सर्वांत स्वस्त. कोरड्या जागी, यंत्राच्या फिरत्या भागांवरचे आवरण म्हणून किंवा गोदामातील आडोसा म्हणून ते पुरेसे असते. ज्या प्रदेशांत वर्षातील चार महिने हवाच ओली असते तेथे त्यावर जस्ताचा थर द्यावा लागतो. जस्त हे लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि त्यामुळे एखाद्या ठिकाणी ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी काही काळ त्याचे रक्षण होते. परंतु हा थर विणण्यापूर्वी तारेवर दिला आहे की विणून झाल्यावर सबंध जाळी वितळलेल्या जस्तात बुडवली आहे, याकडे पुष्कळदा लक्ष दिले जात नाही. बुडवून काढलेल्या जाळीत तारांचे सांधे जस्ताने जखडले जातात, हा कुंपणासाठी लाभ होय. पण कोपऱ्यांत जस्त साचून छिद्रे आखडतात, हा चाळणीसाठी दोष होय. शिवाय जस्त अम्लांत विरघळते तसेच तीव्र अल्कलींतही विरघळते. फळांचा रस गाळायला किंवा धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात ठेवायला जस्तलेपित जाळी घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय.

पितळ आणि तांब्याचे इतर मिश्रधातू यांचा मान फार जुना. ते सहज ओढता येतात, विणताना चिवटपणे वळतात आणि साध्या पाण्यात बरेच टिकतात. समुद्राच्या पाण्यात तर तांब्याचा एक विशेष गुण उपयोगी पडतो : त्याच्या पृष्ठभागावर शिंपले व शेवाळ सहसा बस्तान मांडत नाहीत. उष्ण समुद्रात जाळी गंजून जाण्याआधी अशा जीवांनी बुजून जाण्याचा धोका अधिक असतो, तेव्हा हा गुण लहान नव्हे. परंतु पितळेचा एक छुपा वैरी आहे आणि त्याची ओळख भारतातच पटली. ब्रिटिश लष्कराच्या बंदुकांची पितळी काडतुसे येथे पावसाळाभर घोड्यांच्या पागांत साठवली जात. पावसाळा सरल्यावर पाहावे तो त्यांतील कित्येकांना तडे गेलेले असत. धातू झिजलेला नसे, त्याची जाडीही कमी झालेली नसे. तो केवळ दुभंगलेला असे. १९२१ मध्ये याचा उलगडा प्रसिद्ध झाला. घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया आणि काडतूस घडवताना पितळेत उरलेला ताण या दोहोंच्या संयोगाने हे घडत होते. विणलेल्या जाळीतील प्रत्येक तार ठिकठिकाणी वाकवलेली, म्हणजेच ताण साठवलेली असते. खतांच्या कारखान्यात, कातडी कमावण्याच्या जागी किंवा नुसत्या गोठ्याजवळही पितळी जाळी लावताना या काडतुसांची आठवण ठेवावी.

अगंज पोलाद आले आणि अनेकांना वाटले की प्रश्नच मिटला. या पोलादातील क्रोमियममुळे त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडाचा अत्यंत पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो ओरखडला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे पुन्हा भरून येतो. सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेला प्रकार ३०४ हा चाळण्यांसाठी सर्वाधिक वापरला जातो. दूध, औषधे, खाद्यतेल यांच्या गाळण्या बहुधा याच्याच असतात. मात्र हा पापुद्रा टिकण्यासाठी ऑक्सिजन हवा, आणि जाळीत नेमका त्याचाच अडथळा असतो. दर सेंटिमीटरला दहा तारा असलेल्या जाळीच्या एका चौरस सेंटिमीटरात तारा एकमेकींवरून शंभर ठिकाणी जातात, आणि अशा प्रत्येक ठिकाणी एक अरुंद फट असते. फटीत अडकलेले पाणी हलत नाही, त्यातील ऑक्सिजन संपतो, मिठातील क्लोराइड साचत जाते आणि पापुद्रा फुटून तेथे बारीक खड्डे पडू लागतात. त्याच धातूचा गुळगुळीत पत्रा ज्या पाण्यात वर्षानुवर्षे चकाकत राहील, त्या पाण्यात जाळीला सांध्यांपाशी तांबूस ठिपके दिसू लागतात. खाऱ्या पाण्यासाठी म्हणून २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेला प्रकार ३१६ घ्यावा लागतो. कोमट व संथ समुद्रजलात तोही निर्धास्तपणे वापरता येत नाही. तेथे निकेल व तांबे यांचा, दोनतृतीयांश निकेल असलेला, मोनेल हा मिश्रधातू अधिक भरवशाचा. पण त्याची किंमत ऐकून पुष्कळ खरेदीदार ३१६ वर परत येतात आणि सुटी जाळी कोठारात जपून ठेवतात. हा हिशेबही कधी कधी बरोबर असतो.

धातू आणि प्लॅस्टिक यांच्यातील खरी स्पर्धा पाहावयाची असेल तर कागदाच्या गिरणीत जावे लागेल. सलग कागद करणाऱ्या यंत्राचे पेटंट निकोला लुई रॉबेर या फ्रेंच माणसाने १७९९ मध्ये मिळवले. पुढे इंग्लंडमधील फोर्ड्रिनियर बंधूंनी त्यात पैसा ओतला आणि यंत्राला त्यांचेच नाव पडले. यंत्राचे मर्म म्हणजे दोन्ही टोके जोडून केलेला जाळीचा एक लांबलचक पट्टा. त्यावर लगदा सोडतात तेव्हा त्यात ९९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. पट्टा धावत असताना पाणी छिद्रांतून खाली निथळते, तंतू वर राहतात आणि पट्ट्याच्या शेवटी ओला कागद उचलला जातो. भारतात टिटागढपासून नेपानगरपर्यंतच्या गिरण्या याच तत्त्वावर उभ्या राहिल्या. नेपानगरला तर सलईचे लाकूड व बांबू यांच्या लगद्यापासून वृत्तपत्रांचा कागद काढण्यास १९५० नंतरच्या दशकात आरंभ झाला.

हा पट्टा दीडशे वर्षांहून अधिक काळ धातूचाच असे. लांबीच्या तारा बहुधा फॉस्फर ब्राँझच्या आणि आडव्या तारा पितळेच्या असत. फॉस्फर ब्राँझ म्हणजे तांबे, थोडे कथिल आणि किंचित फॉस्फरस. पुन्हा पुन्हा वाकूनही न तुटण्याचा गुण त्यात चांगला असतो. त्याची कसोटी किती कठोर असते पाहा. ३० मीटर लांबीचा पट्टा मिनिटाला ३०० मीटर वेगाने धावत असेल, तर तो दिवसात १४,४०० फेऱ्या करतो आणि प्रत्येक फेरीत अनेक रुळांवरून वाकतो. खालून पाणी शोषणाऱ्या पेट्यांवर तो घासला जातो. कागदाला शुभ्रता यावी म्हणून घातलेली चिनी माती बारीक कानशीसारखी तारा झिजवते, आणि तुरटी घातलेले आंबट पाणी धातूला खाते. काही आठवड्यांत पट्टा बदलण्याची वेळ येई. बदलायचा म्हणजे यंत्र थांबवायचे, आणि नवा पट्टा बसवताना कोणाच्या हातून एखादी सुरकुती पडली की त्या ठिकाणी प्रत्येक फेरीला कागदावर रेघ उमटणार. नवाकोरा पट्टा पहिल्याच दिवशी टाकून द्यावा लागल्याचे प्रसंग जुन्या गिरण्यांत नवे नव्हते.

१९६० नंतर पॉलिएस्टरच्या एकेरी धाग्याने विणलेले पट्टे येऊ लागले तेव्हा या सर्व तक्रारींवर तोडगा मिळाल्यासारखे वाटले. ते गंजत नाहीत, दुमडले तरी बहुधा वळ राहत नाही आणि ते धातूच्या पट्ट्याच्या कितीतरी पट अधिक काळ टिकतात. परंतु आरंभी ते ताणले जात. धातूचा पट्टा ज्या ताणाखाली जवळजवळ जसाच्या तसा राही, त्या ताणाखाली प्लॅस्टिकचा पट्टा लांबत जाई, अरुंद होई आणि त्याची छिद्रे चौकोनी न राहता लांबट होत. विणल्यानंतर कापड ताणून धरून तापवण्याची रीत सापडली तेव्हा ते स्थिर झाले. मग नायलॉन का नाही, असा प्रश्न येतो. घर्षण सोसण्यात नायलॉन पॉलिएस्टरहून सरस आहे. पण नायलॉन पाणी शोषून फुगते व लांबते, आणि येथे तर सर्व व्यवहार पाण्यातच. विणकरांनी काढलेली तोड मोठी शहाणपणाची आहे : लांबीच्या दिशेचे, ताण सोसणारे धागे सर्व पॉलिएस्टरचे; रुंदीच्या दिशेने जाणाऱ्या व यंत्रावर घासणाऱ्या खालच्या धाग्यांत मात्र एकाआड एक नायलॉन. एकाच कापडात दोन द्रव्ये आपापल्या गुणाचे काम करतात आणि एकमेकांचा दोष झाकतात. बहुतेक यंत्रांवरून ब्राँझचा पट्टा अशा रीतीने नाहीसा झाला.

सगळीकडून मात्र तो गेला नाही. नोटांच्या कागदात जे छायाचित्रासारखे जलचिन्ह दिसते ते साच्याच्या गोल पिंपावर बसवलेल्या ब्राँझच्या जाळीमुळे. ठशाने दाबून या जाळीवर चेहऱ्याचे उठाव केलेले असतात. उंच जागी तंतू कमी बसतात, खोल जागी अधिक, आणि उजेडात धरल्यावर त्यातून चित्र दिसते. मध्य प्रदेशातील नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद, येथील प्रतिभूती कागद कारखान्यात असा साच्याचा कागद होतो. प्लॅस्टिकच्या ज्या गुणाचे वर कौतुक केले तोच येथे आड येतो. दाबलेली खूण ते धरून ठेवीत नाही. ब्राँझ ती शेवटपर्यंत सांभाळते.

प्लॅस्टिक गंजत नाही यावरून ते अमर आहे असा समज करून घेणे धोक्याचे होय. प्रत्येक प्लॅस्टिकला त्याचा त्याचा काळ असतो. नायलॉनचे अल्कलीशी जमते, पण तीव्र अम्लात त्याचा धागा ठिसूळ होऊन तुटतो. पॉलिएस्टरचे बरोबर उलट : सौम्य अम्लाची त्याला फिकीर नाही, पण दाहक सोड्याच्या गरम द्रावणात, किंवा नुसत्या वाफेतही, त्याच्या रेणूंची साखळी तुटत जाते. गाळणीचे कापड मागवताना केवळ ‘सिंथेटिक जाळी’ एवढेच लिहिणारा कारखानदार अर्धे नशिबावर सोपवतो. पॉलिप्रोपिलीन या दोन्ही संकटांतून सहीसलामत सुटते आणि स्वस्तही असते. मात्र उकळत्या पाण्याच्या आसपासच त्याचा जोर ओसरू लागतो, सुमारे १६५° से. ला ते वितळते, आणि विशेष संरक्षक द्रव्ये न घातल्यास उन्हात त्याचा भुगा होतो. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना दाहक सोड्याचे तापलेले द्रावण गाळावे लागते. तेथे पॉलिएस्टर टिकत नाही, आणि अधिक तीव्र व अधिक तप्त सोड्यापुढे शुद्ध निकेलसारख्या धातूकडे वळण्यावाचून गत्यंतर नसते.

आणखी एक गोष्ट तक्त्यांत क्वचितच सापडते. पीठ, साखरेची भुकटी किंवा गंधकाची पूड कोरड्या प्लॅस्टिकच्या जाळीतून चाळली जात असताना घर्षणाने विद्युत्‌भार साचतो. धातूची जाळी जमिनीशी जोडली की तो वाहून जातो. प्लॅस्टिकला वाट नसते. हवेत तरंगणारी बारीक धूळ आणि एक ठिणगी एवढ्यावर गिरणी उडू शकते. म्हणून अशा जागी धातूची जाळी घ्यावी, नाही तर कार्बन मिसळलेल्या, वीज वाहून नेणाऱ्या धाग्यांची. उलट, पिठाच्या गिरण्यांत एके काळी स्वित्झर्लंडहून आलेले रेशमी कापड वापरले जाई आणि त्याची जागा नायलॉनने घेतली, त्यालाही कारण आहे. नायलॉनचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो लवचिकपणे थरथरतो, त्यामुळे छिद्रे मोकळी राहतात. पण तुटलेला नायलॉनचा तुकडा पिठात गेला तर चुंबकाला तो सापडत नाही. अगंज पोलादाचा तुकडाही चुंबक जेमतेमच ओढतो. खाद्यपदार्थांच्या चाळण्या रोज डोळ्यांनी तपासणे याला म्हणूनच पर्याय नाही.

खाणी आणि खडीची केंद्रे येथे रसायनांचा त्रास कमी, आघात व घर्षण यांचा अधिक. तेथे उच्च कार्बनच्या स्प्रिंग-पोलादाची जाळी चालते. या ठिकाणी तारेच्या जाडीचा विचार निर्णायक ठरतो. छिद्र १० मिमी. आणि तार ५ मिमी. असेल तर जाळीच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ४४ टक्केच भाग मोकळा असतो. तार ३ मिमी. केली तर तो ५९ टक्क्यांवर जातो, म्हणजे त्याच यंत्रातून ताशी बराच अधिक माल पडू शकतो. बळकट धातूची किंमत खरे पाहता या मोकळ्या जागेसाठी द्यायची असते. पॉलियुरेथेनच्या चाळण्या पोलादाच्या कितीतरी पट टिकतात, आवाज कमी करतात आणि लवत असल्यामुळे अडकलेला खडा सोडून देतात. पण त्यांच्या पट्ट्या जाड असल्याने मोकळी जागा घटते. पावसाळ्यात चिकट, मातकट लोहखनिज चाळताना हा तोटा विशेष जाणवतो. गंजलेल्या खरबरीत तारेला तसली माती अधिकच धरते, म्हणून ओल्या व बारीक मालासाठी गुळगुळीत अगंज तार घेणे झिजेच्या दृष्टीने नसले तरी कामाच्या दृष्टीने परवडते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, पंजाबातील नांगलसारख्या खत कारखान्यांत, जाळी चाळण्यासाठी नव्हे तर रासायनिक क्रिया घडवण्यासाठी वापरली गेली. नांगलला १९६१ मध्ये उत्पादन सुरू झाले. अमोनियापासून नायट्रिक अम्ल करताना अमोनिया व हवा यांचे मिश्रण सुमारे ९००° से. तापलेल्या जाळीतून जाते आणि सेकंदाच्या जवळपास हजाराव्या भागात क्रिया उरकते. ही जाळी प्लॅटिनमची असते. त्यात सुमारे १० टक्के ऱ्होडियम मिसळतात, म्हणजे तारेला बळ येते आणि धातूही कमी उडतो. तरीही तो थोडा थोडा उडून जातोच. तो पकडण्यासाठी खाली पॅलेडियमयुक्त जाळ्या बसवतात, आणि झिजलेल्या जाळ्या शुद्धीकरणासाठी परत पाठवतात.

जाळी ठरली तरी चौकट व खिळे ठरायचे राहतात, आणि पुष्कळदा चूक येथेच होते. दोन निराळे धातू ओल्या जागी एकमेकांना टेकले की त्यांची विद्युत्‌घटमाला बनते व त्यांतील हलका धातू वेगाने झिजतो. अगंज पोलादाची मोठी जाळी आणि तिला धरणारे चार जस्तलेपित बोल्ट अशी जोडी जमवली, तर जाळीचा सारा मोठा पृष्ठभाग त्या चार लहान बोल्टांच्या मुळावर उठतो. जाळी नवी दिसत असतानाच ती एका बाजूने सुटून लोंबू लागते. बोल्ट जाळीच्याच धातूचे घ्यावेत; ते शक्य नसेल तर मध्ये नायलॉनची किंवा रबराची चकती घालावी.